प्रश्न किंग एअरला, उत्तर चेरोकीचं: क्विन्सी विमानतळावरची टक्कर

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीच्या काठावर क्विन्सी नावाचं छोटं शहर आहे. तिथला विमानतळ शहराच्या पूर्वेला दहाएक मैलांवर, शेतांच्या मधोमध. १९ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी ५ वाजून १ मिनिटाच्या सुमारास या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे दोन विमानं आदळली. एक नुकतंच उतरून वेग कमी करत होतं, दुसरं उड्डाणासाठी वेग घेत होतं. उतरणारं विमान ग्रेट लेक्स एव्हिएशनचं बीचक्राफ्ट १९००सी, युनायटेड एक्स्प्रेसची फ्लाइट ५९२५. त्यात १० प्रवासी आणि २ वैमानिक होते. उडू पाहणारं विमान खासगी किंग एअर, म्हणजे दोन इंजिनांचं छोटं विमान, त्यात दोघं. या १४ जणांपैकी एकही वाचलं नाही.

हवा स्वच्छ होती आणि दृश्यमानता उत्तम. दोन्ही विमानांत तांत्रिक बिघाड नव्हता. सूर्य मावळून पंधरा-वीस मिनिटं झाली होती, पण रात्र पडायची होती. आणि ज्याच्यामुळे हे प्रकरण मला सगळ्यात जास्त अभ्यासण्यासारखं वाटतं ते असं, की शेवटच्या मिनिटात उतरणाऱ्या विमानाच्या कॅप्टनने नेमका हवा तोच प्रश्न विचारला होता. धावपट्टीवर थांबलेलं विमान थांबून राहणार आहे की उडणार आहे? उत्तरही आलं. ते तिसऱ्याच विमानातून, जमिनीवर थांबलेल्या एका चेरोकीतून आलं होतं.

टॉवर नसतो तेव्हा काय असतं

क्विन्सीला तेव्हा कंट्रोल टॉवर नव्हता. यात वावगं काही नाही. अमेरिकेत सर्वांसाठी खुले असे पाचेक हजार विमानतळ आहेत आणि त्यांतल्या जेमतेम पाचशेंवर टॉवर आहे. बाकी ठिकाणी वैमानिक आपापसांत बोलून, बघून आणि नियम पाळून उतरतात व उडतात. भारतातून, महाराष्ट्रातूनही, कमर्शियल पायलट लायसन्ससाठी लागणारे २०० तास पूर्ण करायला अमेरिकेत जाणारी मुलं-मुली यातले पुष्कळसे तास अशाच विमानतळांवर घालवतात. घरच्यांच्या डोळ्यांपुढे विमानतळ म्हटलं की मुंबई-पुणे असतं. मूल मात्र अशा ठिकाणी एकट्याने उतरत असतं, जिथे ‘उतर’ म्हणून सांगणारं कुणी नसतं.

अशा विमानतळाला एक सामाईक रेडिओ फ्रिक्वेन्सी नेमून दिलेली असते. तिच्यावर जो तो स्वतःहून सांगतो: मी कोण, कुठे आहे, काय करणार आहे, कुठली धावपट्टी वापरणार आहे. सुरुवातीला विमानतळाचं नाव आणि शेवटीही तेच नाव, कारण शेजारपाजारचे दोन-चार विमानतळ एकच फ्रिक्वेन्सी वापरत असतात. ही घोषणा असते, परवानगी नव्हे. ती ऐकून कुणी ‘ठीक आहे’ म्हणायला बांधील नसतं. इतकंच काय, साध्या, टॉवर नसलेल्या विमानतळावर विमानात रेडिओ असणंही कायद्याने सक्तीचं नाही. शेतावर फवारणी करणारी किंवा जुनी, विजेची यंत्रणाच नसलेली विमानं रेडिओशिवाय येतात-जातात. म्हणून कायदा शेवटी डोळ्यांवर भार टाकतो: बघा आणि टाळा. आणि एक अग्रक्रमही ठरवून देतो: फायनलवर (म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर) असलेल्या किंवा उतरणाऱ्या विमानाला जमिनीवरच्या विमानाने वाट द्यायची.

धावपट्टी कुठली हेही वैमानिकच ठरवतो. वारा, येण्याची दिशा, धावपट्टीची लांबी बघून एकाने १३ निवडावी आणि दुसऱ्याने ४, यात बेकायदा काही नाही. आकडा म्हणजे दिशा: १३ वर उतरणारा साधारण १३० अंशांवर, म्हणजे आग्नेयेला तोंड करून येतो. ४ वरून उडणारा ४० अंशांवर, ईशान्येकडे धावतो. क्विन्सीत या दोन पट्ट्या एकमेकींना छेदत होत्या. टॉवर असता तर एका वेळी एकालाच सोडलं असतं. इथे ते काम तीन विमानांतल्या माणसांनी आपसांत वाटून घ्यायचं होतं.

नऊ मिनिटं

फ्लाइट ५९२५ शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून निघून आयोवातल्या बर्लिंग्टनला थांबून क्विन्सीला येत होती. रेडिओवर ती स्वतःला ‘लेक्स एअर २५१’ म्हणवत होती. ४ वाजून ५२ मिनिटांना कॅप्टनने पहिली घोषणा केली: आम्ही तीस मैल उत्तरेला आहोत, १३ साठी लेफ्ट बेसला (फायनलआधीच्या आडव्या टप्प्याला) येणार, आणखी कुणी असेल तर कळवा. कुणी काही बोललं नाही.

तीनेक मिनिटांनी जमिनीवरून दोन आवाज आले. आधी चेरोकीचा वैमानिक, ४ कडे टॅक्सी करत असल्याचं सांगणारा. चेरोकी म्हणजे चार आसनी, एका इंजिनाचं छोटं विमान, आणि हा वैमानिक अनुभवाने नवखा होता. पाठोपाठ किंग एअरमधून एका स्त्रीचा आवाज: आम्हीही ४ साठी निघालोय. किंग एअरच्या कमांडवर हजारो तासांचा अनुभव असलेला, मोठ्या विमान कंपनीतून निवृत्त झालेला वैमानिक होता. त्याच्या शेजारी बसलेली बाई स्वतः वैमानिक होती, पण या विमानाच्या मानाने बरीच नवखी. रेडिओवर बोलत होती ती.

बीचक्राफ्टच्या कॉकपिटमध्ये या दोन्ही घोषणा ऐकल्या गेल्या. दोघंही ४ वापरतायत, अशी नोंद दोघा वैमानिकांच्या बोलण्यात आहे. आपण १३ च धरायची ना, असा प्रश्न झाला. उत्तराचा आशय असा: हो, पण काही बरं दिसलं नाही तर डाउनविंड (पट्टीला समांतर, उलट दिशेचा फेरा) घेऊन ४ वर जाऊ, तूर्त १३. हे बोलणं लक्षात ठेवायला हवं. परतीची वाट त्यांनी आधीच आखून ठेवली होती.

दहा मैलांवर पुन्हा घोषणा झाली. मग ५ ला एखादा मिनिट कमी असताना किंग एअरमधून तोच स्त्रीचा आवाज आला: ४ च्या कडेला थांबलोय, आता पट्टीवर येतोय, उडून आग्नेयेला जाणार. कॅप्टनने सहवैमानिकाकडून खात्री करून घेतली की ती आत्ताच ४ वर येतेय ना. लगेचच कॅप्टनने पुन्हा सांगितलं की आम्ही १३ च्या पाच-सहा मैलांच्या फायनलवर वळतोय.

किंग एअर पट्टीवर येऊन उभं राहिलं आणि तिथेच थांबलं. सुमारे मिनिटभर. बाहेरून बघणाऱ्याला याचा एकच अर्थ लागणार: आपल्याला वाट देतायत.

कॅप्टनने तरी अंदाजावर सोडलं नाही. शॉर्ट फायनलवर, जमीन दोनेकशे फुटांवर आलेली असताना विचारलं: ४ वरचं विमान जागेवर थांबणार आहे की तुम्ही टेक-ऑफ करणार आहात?

उत्तर चेरोकीच्या वैमानिकाने दिलं. तो किंग एअरच्या मागे, आपली पाळी येण्याची वाट बघत उभा होता. त्याने आपल्या विमानाचा क्रमांक सांगितला, ‘४ वर डिपार्चरसाठी थांबलोय’ असं म्हणाला, आणि वाक्याच्या शेवटी ‘किंग एअर’ हे शब्द आले. मधला तुकडा बीचक्राफ्टच्या कॉकपिटमध्ये नीट ऐकू आला नाही, कारण त्याच क्षणी जमिनीपासूनची उंची सांगणाऱ्या यंत्रणेचा आवाज मध्ये पडला: दोनशे. ती यंत्रणा तिचं काम चोख करत होती.

कॅप्टनच्या कानांत शिल्लक राहिलं ते एवढंच: ४ वर थांबलोय, किंग एअर. कॅप्टनने आभार मानले आणि सांगितलं की मग आम्ही तुमच्या पुढून छेद ओलांडून जातो. चेरोकीकडून दुरुस्ती आली नाही. किंग एअरकडून काहीच आलं नाही. त्यानंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ उरला होता, आणि त्याच वेळात कुठलीही घोषणा न करता किंग एअरने टेक-ऑफ रोल सुरू केला.

ते उत्तर

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, १९९७ साली दिलेल्या अहवालात संभाव्य कारण म्हणून किंग एअरच्या वैमानिकांकडे बोट दाखवलं: त्यांनी सामाईक फ्रिक्वेन्सी नीट ऐकली नाही किंवा आजूबाजूला नीट पाहिलं नाही. चेरोकीच्या तुटक उत्तराला आणि त्यातून बीचक्राफ्टच्या वैमानिकांच्या झालेल्या गैरसमजाला साहाय्यक कारण ठरवलं. बीचक्राफ्टचं सरळ येऊन १३ वर उतरणं मंडळाला अयोग्य वाटलं नाही.

मला हे निष्कर्ष मान्य आहेत. पण प्रशिक्षणासाठी हे प्रकरण वापरायचं तर दोष वाटून थांबता येत नाही. बीचक्राफ्टच्या वैमानिकांनी जवळजवळ सगळं बरोबर केलं आणि तरी ते सापडले. म्हणून शिकण्यासारखं जास्त काही आहे ते त्यांच्याच बाजूला.

प्रश्न कसा विचारला गेला ते बघा. ‘४ वरचं विमान’ असा. किंग एअर हे नाव कॅप्टनला माहीत होतं, मिनिटभरापूर्वीच ऐकलं होतं. त्या नावाने हाक मारली असती तर चेरोकीने बहुधा तोंड उघडलं नसतं, आणि किंग एअरमध्ये कुणी अर्धवट ऐकत असलंच तर आपलं नाव ऐकून दचकलं असतं. आणि दोन्ही नसतं झालं तर शांतता पसरली असती. त्या शांततेचा त्या क्षणी उपयोग होता. उत्तर येत नाही म्हणजे समोरच्याला आपण ऐकू जात नाही, हे कुठल्याही वैमानिकाला कळतं. चुकीच्या माणसाच्या उत्तराने ती शांतता झाकून टाकली.

चेरोकीच्या वैमानिकाने वाईट हेतूने काही केलं नाही. उलट मदतच करायला गेला. ४ च्या तोंडाशी तोही थांबला होता, प्रश्न ४ बद्दल होता. पण नेमका जो प्रश्न आपल्याला नाही, त्याचं उत्तर देण्याचा मोह टॉवर नसलेल्या फ्रिक्वेन्सीवर आवरायला लागतो. आवरता आला नाही तर निदान पहिल्या शब्दातच ‘मी किंग एअर नाही’ हे यायला हवं. त्याने आपला क्रमांक दिला होता, हे खरं. पण दोनशे फुटांवर, उतरण्याच्या गडबडीत, अनोळखी विमानाचे आकडे आणि अक्षरं कानात राहत नाहीत. विमानाचा प्रकार राहतो. ‘किंग एअर’ राहिलं.

आणखी एक खूण निसटली. किंग एअरचा आवाज आतापर्यंत स्त्रीचा होता, बीचक्राफ्टच्या कॉकपिटमध्ये त्या विमानाचा उल्लेखच ‘ती’ असा झाला होता. उत्तर आलं ते पुरुषाच्या आवाजात. बसल्या जागी लिहिताना ही विसंगती डोळ्यांत भरते. तिथे मात्र ती कुणाच्या लक्षात आली नाही, आणि याचं कारण हलगर्जीपणा नव्हे. दोघा वैमानिकांना हवं होतं तेच उत्तर मिळालं होतं, समोर दिसत होतं त्याच्याशी ते जुळत होतं, आणि विमान थांबलेलंच होतं. अशा वेळी माणूस आवाज तपासत बसत नाही.

‘आणखी कुणी असेल तर कळवा’ हे वाक्यही इथे तपासायला हवं. टॉवर नसलेल्या विमानतळांवर ते सर्रास ऐकू येतं. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, एफएएने, पुढे वैमानिकांसाठीच्या पुस्तिकेत हे वाक्य वापरूच नका असं स्पष्ट लिहिलं. एक कारण उघड आहे: प्रत्येकाने असं विचारलं आणि प्रत्येकाने उत्तर दिलं तर फ्रिक्वेन्सीवर गोंधळ माजतो. मला त्यात आणखी एक धोका दिसतो. कुणालाच नाव घेऊन न विचारलेल्या प्रश्नाची सवय लागली, की नाव घेऊन विचारायच्या वेळीही तोंडून ‘कुणीतरी’ असाच प्रश्न येतो.

आता ती आखून ठेवलेली परतीची वाट. काही बरं दिसलं नाही तर डाउनविंड घेऊन ४ वर, असं ठरलं होतं. छेदणाऱ्या पट्टीवर विमान येऊन उभं राहणं हे ‘बरं न दिसणं’ होतं का? माझ्या मते होतं. पण ज्या क्षणी उत्तर आलं त्या क्षणी ती वाट बंद झाली, कारण ‘थांबलोय’ या शब्दाने शंकेचं समाधान करून टाकलं. रेडिओवरचं उत्तर नसतं आलं तर कदाचित गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणं, झाला असता. प्रशिक्षकांनी विद्यार्थ्यांना नेमकं हे सांगायला हवं: गो-अराउंडचा निर्णय उत्तरावर टांगू नका. छेदणाऱ्या पट्टीवर इंजिन चालू असलेलं विमान उभं आहे, एवढं कारण पुरेसं धरा.

किंग एअर का गप्प होतं

याला पक्कं उत्तर नाही, कारण त्या विमानात कॉकपिटमधला आवाज टिपणारा रेकॉर्डर नव्हता आणि दोघांपैकी कुणी राहिलं नाही. पण काही गोष्टी स्वच्छ आहेत. बीचक्राफ्टच्या घोषणा एकामागून एक, नियमाने झाल्या होत्या. सुरुवातीला किंग एअरमधूनही घोषणा आल्या, म्हणजे रेडिओ त्याच फ्रिक्वेन्सीवर होता. पट्टीवर आल्यावर मात्र आतल्या दोघांचं लक्ष बाहेर नव्हतं. अनुभवी माणूस शेजारच्या नवख्या वैमानिकाला काही दाखवत असेल, समजावत असेल, चेकलिस्ट चालू असेल.

प्रशिक्षणाच्या वातावरणात हे घडायला किती सोपं आहे! उजवीकडचा शिकवतो, डावीकडचा ऐकतो, आणि तेवढा वेळ बाहेरचं जग दोघांपैकी कुणाच्याच वाट्याला येत नाही. एकट्या वैमानिकाचं निदान आपण एकटे आहोत याकडे लक्ष असतं. दोघं असले की प्रत्येकाला वाटतं, दुसरा ऐकतोय.

चालत्या पट्टीवर जाऊन मिनिटभर उभं राहणं ही मला या प्रकरणातली सगळ्यात धोक्याची कृती वाटते. पट्टीवर उभ्या विमानाची पाठ येणाऱ्याकडे असते, किंवा इथल्यासारखी कूस. काय समजवायचं, तपासायचं असेल ते पट्टीच्या रेषेआधी, विमान तिरकं उभं करून, फायनल दिसेल अशा कोनात करून घ्यावं. रेषा ओलांडली की थांबायचं नाही.

डोळ्यांचं काय

बघा आणि टाळा हे ऐकायला सोपं आहे. पण टक्करच होणार असलेलं विमान काचेवर सरकत नाही. दोघांची गती आणि दिशा कायम असेल तर समोरचा ठिपका काचेच्या एकाच जागी राहतो आणि नुसता मोठा होत जातो. आपली नजर हालचाल टिपते. स्थिर ठिपका, त्यात संधिप्रकाश, मागे जमिनीवरचे दिवे. ठिपका दिसल्यापासून तो विमान आहे हे ओळखून, टक्कर होणार हे समजून, हात हलवून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत एफएएने साडेबारा सेकंदांचा हिशेब मांडलेला आहे.

किंग एअरला मात्र ही सबब पुरत नाही. ते सुमारे मिनिटभर उभं होतं, दिवे लावून येणारं विमान त्याच्या डावीकडून येत होतं, हवा स्वच्छ होती. मान वळवून एकदा बघितलं असतं तर दिसायला अडचण नव्हती.

रेडिओवर सगळं नीट बोललं गेलं तरी पुरत नाही याचं उदाहरण कॅलिफोर्नियात १८ ऑगस्ट २०२२ ला घडलं. वॉटसनव्हिल हाही टॉवर नसलेला विमानतळ. सेसना १५२ मध्ये एकटा वैमानिक सराव करत होता, दोन इंजिनांचं सेसना ३४० सरळ फायनलवर आलं. दोघांनीही घोषणा केल्या, दोघांना एकमेकांची माहिती होती. पण सेसना ३४० अशा ठिकाणी शोभणार नाही इतक्या वेगाने येत होतं. छोट्या विमानाच्या वैमानिकाच्या हे लक्षात आलं, तसं त्याने बोलूनही दाखवलं, आणि तोवर उशीर झाला होता. तिघे गेले. क्विन्सीत शब्द चुकले, इथे शब्द बरोबर होते आणि वेळ उरला नव्हता.

टक्कर जगण्यासारखी होती

आता ज्याबद्दल लिहिताना मला अजूनही चीड येते तो भाग.

टक्करीनंतर दोन्ही विमानं एकमेकांत अडकून पट्टीच्या कडेला थांबली आणि आग लागली. पण बीचक्राफ्टमधली १२ माणसं धक्क्याने मेली नव्हती. एनटीएसबीच्या निष्कर्षानुसार टक्करीचा जोर जगण्याजोगा होता. माणसं धुराने आणि आगीने गेली.

विमानतळावर ज्यांनी हे पाहिलं त्यांपैकी तिघं वैमानिक धावत विमानापाशी पोचले. त्यांतले दोघं युनायटेड एक्स्प्रेसचे, याच विमानाची वाट बघत थांबलेले आणि बीचक्राफ्ट १९०० चालवण्यास पात्र असलेले. म्हणजे या विमानाचं दार कसं उघडतं हे माहीत असलेली माणसं, अगदी वेळेवर, दारापाशी होती. कॉकपिटच्या डाव्या खिडकीतून कॅप्टन दिसत होत्या, जिवंत होत्या, आणि त्यांना सांगत होत्या: दार उघडा. बाहेरून मूठ फिरवायचा प्रयत्न झाला. दार उघडलं नाही. आग वाढली, धूर वाढला आणि त्यांना मागे हटावं लागलं.

दार का अडकलं? टक्करीने दार आणि चौकट यांचा आकार बिघडला असावा, हे तपासात सगळ्यात संभवनीय ठरलं. माणसांना ज्या धक्क्याने मारलं नाही त्या धक्क्याने दार निकामी केलं. विमानाचं दार किरकोळ वाकलं तरी उघडलं पाहिजे ही अपेक्षा प्रमाणपत्र देतानाच धरलेली असते. बीचक्राफ्ट १९०० च्या दाराची ही अडकण्याची शक्यता तपासून बघा, अशी शिफारस मंडळाने एफएएला केली.

आणि अग्निशमन? विमानतळावर तैनात पथक नव्हतं. गाड्या क्विन्सी शहरातून आल्या, जवळपास दहा मैलांवरून. त्या पोचल्या तेव्हा चौदाएक मिनिटं उलटली होती. जळत्या विमानाच्या आत माणसाला जे मिळतं ते दोन-तीन मिनिटांत मोजायचं असतं. मोठ्या विमानतळांवर पहिला बंब तीन मिनिटांत पट्टीच्या मध्यापर्यंत पोचलाच पाहिजे असा नियम आहे तो यासाठीच.

क्विन्सीत तसं का नव्हतं याचं उत्तर आसनांच्या आकड्यात आहे. तेव्हाच्या नियमांनुसार ३० पेक्षा जास्त आसनांची विमानं नियमित येत असतील तरच विमानतळाला आग आणि बचावाची व्यवस्था बंधनकारक होती. बीचक्राफ्ट १९०० मध्ये १९ आसनं. त्याच्या आधीच्या डिसेंबरात, म्हणजे १९९५ मध्ये, अमेरिकेने ठरवलं होतं की १० ते ३० आसनांच्या प्रवासी सेवांनाही मोठ्या कंपन्यांसारखेच सुरक्षा नियम लागू करायचे. प्रवाशाने तिकीट काढलं की सुरक्षा एकच मिळाली पाहिजे. हवेतल्या विमानाला ते तत्त्व लागू झालं. ज्या जमिनीवर ते उतरणार तिला नाही.

शिकागोहून निघालेल्या प्रवाशाने तिकिटावर युनायटेड एक्स्प्रेस हे नाव वाचलं होतं. ओहेअरला त्याच्यासाठी टॉवर होता, रडार होतं, बंब होते. क्विन्सीला यांतलं काही नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पैसे भरून नियमित सेवेने जाणाऱ्या माणसाला मी यात वैमानिकांइतकाच हक्कदार मानतो. खासगी विमानाचा मालक धोका ओळखून टॉवर नसलेल्या पट्टीवर उतरतो. या प्रवाशाला तशी निवड करताच आली नव्हती.

एनटीएसबीने आग-बचाव सेवेचा अभाव आणि न उघडलेलं दार ही दोन्ही जीवितहानीची कारणं म्हणून अहवालात नोंदवली. योगायोग असा, की या टक्करीच्या महिनाभर आधीच, ऑक्टोबर १९९६ मध्ये, संसदेने छोट्या विमानांची सेवा असलेल्या विमानतळांनाही या नियमांखाली आणायचा अधिकार एफएएला दिला होता.

पुढे काय झालं

तो अधिकार वापरून अंतिम नियम आला २००४ मध्ये. ९ पेक्षा जास्त आसनांच्या नियमित प्रवासी विमानांसाठी विमानतळाला प्रमाणपत्र आणि आग-बचावाची तजवीज बंधनकारक झाली, लहान विमानतळांना काही सवलती ठेवून. टक्करीपासून नियमापर्यंत सात वर्षांहून जास्त गेली. खर्चाची अडचण खरी होती: दिवसाला तीन-चार विमानं येणाऱ्या पट्टीवर चोवीस तास बंब आणि माणसं ठेवणं गावाला झेपत नाही. पण नियमित विमान उतरण्याच्या आधी आणि नंतर पंधरा-पंधरा मिनिटं माणसं हजर ठेवणं झेपतं, आणि लहान गावांनी पुढे नेमकं हेच करून दाखवलं.

रेडिओच्या बाजूने एफएएने टॉवर नसलेल्या विमानतळांसाठीचं मार्गदर्शन नव्याने लिहिलं, २०१८ आणि मग २०२३ मध्ये. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेच्या बऱ्याच हवाई क्षेत्रात विमानाने आपली जागा आपोआप प्रसारित करणं, म्हणजे एडीएस-बी, बंधनकारक झालं. पण लहान विमानतळांच्या आसपासचं खालचं आकाश पुष्कळदा या सक्तीबाहेर राहतं, आणि दुसऱ्याचं प्रसारण आपल्या कॉकपिटमध्ये पडद्यावर बघण्याची यंत्रणा ऐच्छिक आहे. शिवाय क्विन्सीत किंग एअर कुठे आहे हे बीचक्राफ्टला ठाऊकच होतं. ते पुढच्या अर्ध्या मिनिटात काय करणार आहे, हे ठाऊक नव्हतं. पडद्यावरचा ठिपका ते सांगत नाही. ते फक्त किंग एअरमधला माणूस सांगू शकत होता, त्याच्या नावाने विचारल्यावर. आणि त्याने सांगितलं नाही, तर पट्टी मोकळी नाही असंच धरून वर जायचं होतं.